एकराला एक मत

घर घेतलं त्या दिवशी सांगलीला फोन केला, तर बाबांनी अभिनंदनाच्याही आधी विचारलं, "इतर हक्कात काय आहे ते बघितलंस ना?"

मी म्हटलं, "बाबा, इथे सातबारा नसतो."

"सातबारा नसेल. बोजा तर असेल?"

बँकेच्या कर्जाशिवाय कसलाही बोजा नाही, असं मी ठामपणे सांगून टाकलं. मला तसंच वाटत होतं. ही २०२१ची गोष्ट. घर कॅलिफोर्नियात, सॅक्रमेंटोच्या पूर्वेला फॉल्सम नावाचं गाव आहे तिथे, हायवे ५०च्या दक्षिणेला. जुनं गाव हायवेच्या उत्तरेला. आमच्या बाजूला गवताच्या टेकड्या, उन्हाळ्यात पिकल्या गव्हासारख्या पिवळ्या. अधूनमधून ओकची झाडं, आणि नव्या घरांची शेवटची रांग संपते तिथून पुढे कुंपणापलीकडे चरणाऱ्या गाई. सगळं नवं कोरं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यासुद्धा अजून टायरने मळल्या नव्हत्या.

दीड वर्षानं बँकेचं पत्र आलं. इथे बहुतेकांच्या घराच्या हप्त्यातच मालमत्ता कराचे पैसे बँक दर महिन्याला वेगळे काढून ठेवते आणि वेळ आली की आपल्या वतीने भरते. याला एस्क्रो म्हणतात. पत्रात लिहिलं होतं की एस्क्रोमध्ये तूट आहे, पुढच्या महिन्यापासून हप्ता ४५८ डॉलरनी वाढेल. त्यातले निम्मे या वर्षाचे, निम्मे गेल्या वर्षीची तूट भरून काढायचे. घर विकणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात आम्हाला "कर साधारण सव्वा टक्का धरा" असं सांगितलं होतं आणि बँकेनेही तोच आकडा धरला होता. ७,२०,००० डॉलरच्या घराला सव्वा टक्क्याने ९,००० होतात. प्रत्यक्षात बिल आलं ११,७४६चं.

त्या रात्री मी पहिल्यांदा ते बिल वाचलं. म्हणजे खरोखर, ओळ न् ओळ. वरच्या भागात घराच्या किमतीवरचा एक टक्का, ७,२०० डॉलर. त्याखाली मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांचे ७८०. आणि मग 'डायरेक्ट लेव्ही' असा एक वेगळा रकाना. त्यात तीन ओळी: २,४१२, १,०३६ आणि ३१८. प्रत्येक ओळीपुढे एक आखूड नाव, एक आकडा आणि एक फोन नंबर. घरपट्टीच्या बिलावर दर ओळीला वेगळा फोन नंबर मी पहिल्यांदाच पाहिला. याचा अर्थ या पैशाचा धनी वेगळा आहे, एवढं तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यातल्या पहिल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं आणि चाळीसएक पानांचं एक कागदपत्र ईमेल केलं. तेव्हा कळलं की माझ्या घरावर या विशेष कराचा बोजा होता. जमिनीच्या नोंदीत रीतसर चढवलेला, आणि तो मी घर घेण्याच्या किती तरी आधी चढला होता. त्याची नोटीस माझ्याकडेच निळ्या फोल्डरमध्ये पडून होती. खाली माझी सही. खरेदीच्या गडबडीत ज्या असंख्य कागदांवर सह्या ठोकल्या त्यातलाच तो एक. ती नोटीस हातात मिळाल्यापासून ३ दिवसांत, पोस्टाने आली तर पोस्टात टाकल्यापासून ५ दिवसांत, सौदा मोडायचा हक्क मला कायद्याने होता. मी ती वाचलीच नव्हती. जिने आयुष्यभर वडिलांना सातबाऱ्याचे उतारे चष्मा लावून वाचताना पाहिलं, तिने.

या कराला इथे सगळे 'मेलो-रूस' म्हणतात. हेन्री मेलो हे कॅलिफोर्नियाच्या सिनेटचे सदस्य आणि माइक रूस हे असेंब्लीचे. दोघांच्या नावाने १९८२ साली झालेला हा कायदा. पण तो का झाला हे कळायला चार वर्षं मागे जावं लागतं.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भराभर वाढल्या आणि किमतीबरोबर मालमत्ता करही. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना राहत्या घराचा कर भरणं अशक्य होऊ लागलं. लोक चिडले. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांनी सह्या गोळा केल्या आणि ६ जून १९७८ला 'प्रपोझिशन १३' हा प्रस्ताव राज्यातल्या मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर केला. घराच्या किमतीवरचा मूळ कर एक टक्क्याच्या वर जाणार नाही. कराच्या हिशेबासाठी धरलेली किंमत वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढेल. घर विकलं गेलं की ती पुन्हा बाजारभावाला येईल. आणि स्थानिक पातळीवर विशेष कर लावायचा तर दोन तृतीयांश मतं लागतील.

यात वाईट काही नव्हतं. राहत्या घरातून म्हाताऱ्या माणसाला कर उठवून लावत असेल, तर तो थांबवलाच पाहिजे. पण शहरांच्या तिजोरीत त्यानंतर नवी गटारं, नवे रस्ते, नव्या शाळा बांधण्याएवढे पैसे उरेनात. माणसं तर येतच होती. मग मेलो आणि रूस यांच्या कायद्याने वाट काढली ती अशी: नव्या वस्तीपुरती एक हद्द आखायची, तिला 'कम्युनिटी फॅसिलिटीज डिस्ट्रिक्ट' म्हणायचं, त्या हद्दीच्या नावाने रोखे काढून कर्ज उभं करायचं, त्या पैशाने सोयी आधीच बांधून घ्यायच्या, आणि पुढे तिथे जो राहायला येईल त्याच्याकडून दरवर्षी विशेष कर घेऊन ते कर्ज फेडायचं. हा कर घराच्या किमतीवर लावता येत नाही. म्हणून तो बहुधा चौरस फुटांवर किंवा घराच्या प्रकारावर बसतो. बाजार पडला आणि घराची किंमत उतरली, तर वरचा एक टक्का कमी होऊ शकतो, हा मात्र होत नाही. आमच्या हद्दीत त्याची कमाल मर्यादा वर्षाला २ टक्क्यांनी वाढते. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पस्तीस वर्षांत आकडा दुप्पट होतो.

दोन तृतीयांश मतांची अट मात्र कायम होती. इथेच मी त्या चाळीस पानांत अडकले. मत देणार कोण? त्या जागेत तर माणूसच राहत नाही, गाई चरतायत. कायद्यात त्याचं उत्तर आहे. हद्दीत १२ पेक्षा कमी नोंदलेले मतदार असतील, तर जमिनीचे मालक मत देतात. एकराला एक मत.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या घराच्या छतावर पस्तीस वर्षं राहणाऱ्या कराचं मतदान झालं, तेव्हा छत नव्हतं. जमीन विकसित करणाऱ्या कंपनीने आपल्या एकरांच्या मापाने मतं दिली, सगळी मतं 'होय' पडली, आणि मग एकर तुकड्या-तुकड्याने विकले गेले. फेडायचे ते आम्ही.

फॉल्समची आणखी एक हकिगत आहे, ती हायवेच्या उत्तरेला राहणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंनी मला सांगितली. लायब्ररीत ओळख झाली, आता त्या आमच्याकडे दिवाळीला येतात. नोव्हेंबर २००४मध्ये गावाने 'मेझर डब्ल्यू' नावाचा प्रस्ताव मतदानाला टाकला होता. दक्षिणेकडची जमीन गावात घ्यायची, पण अटी घालून. ३० टक्के जमीन मोकळी राखायची, ओकची झाडं राहतील असं बघायचं. आणि तिकडचं पाणी, रस्ते, सगळ्याचा खर्च तिकडच्यांनीच उचलायचा, जुन्या रहिवाशांवर भार पडता कामा नये. गावाने मोठ्या बहुमताने 'होय' म्हटलं. सुमारे ३,५०० एकर २०१२ साली गावाच्या हद्दीत आले. बाई म्हणाल्या, "मीही 'होय' म्हटलं होतं. तेव्हा तिकडे कोण येणार हे कुठे ठाऊक होतं?" आणि माझ्या हातावर हात ठेवला.

त्यांनी घर १९९६ साली १,८०,००० डॉलरला घेतलं. वर्षाला २ टक्क्यांनी वाढत ती किंमत कराच्या दप्तरात आता ३ लाखांच्या आसपास पोचली आहे. विकायला काढलं तर माझ्या घराएवढेच पैसे येतील. कर त्या माझ्या तिसरा हिस्साही भरत नसतील. त्या माझ्या शत्रू नाहीत. त्यांनी भरलेल्या करातून बांधलेल्या लायब्ररीत मी बसते. पण एका गावात, एका हायवेच्या दोन अंगांना असे दोन हिशेब आहेत, हे कळल्यापासून पुलावरून जाताना मला ती रेघ दिसते.

२०२३च्या वसंतात बाबा आले. तोवर मी रोजच्या फोनवर त्यांना यातलं बरंच सांगितलं होतं. आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ते म्हणाले, "ती यादी घे बरोबर. पैसे कशाला घेतले ते बघून येऊ."

नोटिशीच्या मागे यादी होतीच: रस्ते, पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, पावसाच्या पाण्याची व्यवस्था, उद्यानं. आम्ही दोघं निघालो. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांना लोखंड दिसलं की थांबायची सवय. प्रत्येक मॅनहोलच्या झाकणाशी ते थांबले, बुटाच्या टाचेने ठोकून पाहिलं. चढावर पाण्याची टाकी बघितली. खाली एक मोठं खोलगट मैदान आहे, गवत लावलेलं, एरवी मुलं तिथे पतंग उडवतात. ते कशासाठी, हे मी कधी विचारलंच नव्हतं. बाबांनी कडेचं काँक्रीटचं तोंड पाहून लगेच ओळखलं, "पावसाचं पाणी इथे थांबवतात. म्हणजे खालच्या घरांत घुसत नाही."

पुढे रस्त्याच्या कडेला गटाराच्या तोंडावर एक गोल चकती बसवलेली होती, माशाचं चित्र असलेली. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं, कचरा टाकू नका, हे पाणी ओढ्याला जातं. बाबा त्या कठड्यावर एक पाय ठेवून उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गटार आधी. घर मागून."

ते काय बघत होते हे मला माहीत होतं. सांगलीच्या कडेला गुंठेवारीत आमचं घर आहे. बाबांनी १९८९ला दोन गुंठे घेतले, १९९१ला दोन खोल्या बांधल्या. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले, ना मंजूर लेआउट, ना रस्ता, ना गटार. काळी माती. पावसाळ्यात डांबरी रस्त्यापर्यंत आम्ही अनवाणी जायचो, शाळेचे बूट पिशवीत. डांबरीवर आलं की आई बाटलीतल्या पाण्याने पाय धुवायची, कोरड्या फडक्याने बोटांच्या बेचक्या पुसायची, मग मोजे. मुरूम टाकायला गल्लीने वर्गणी काढली होती, विजेच्या खांबासाठीही. गटारासाठी बाबांनी केलेल्या अर्जांच्या प्रती एका पिवळ्या फाईलमध्ये अजून आहेत, सतरा अर्ज, प्रत्येकावर आवक शिक्का. २००१ साली राज्याने गुंठेवारीचा कायदा केला आणि आमच्यासारख्यांना रीतसर होण्याची सोय झाली. प्रशमन शुल्क भरा, विकास शुल्क भरा, प्रमाणपत्र घ्या. बाबांनी भरलं. प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतलं. रस्त्यावर डांबर पडलं तेव्हा मी कॉलेज संपवून पुण्याला नोकरीला लागले होते.

"व्याज किती पडतं रोख्यांना?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, रोखे घेणाऱ्याला त्या व्याजावर केंद्राचा आयकर नसतो, म्हणून कर्ज स्वस्तात मिळतं. त्यांनी मान हलवली. "मग द्यायची ही पट्टी. पाणी घरात येत नाही, पोर चिखलातून जात नाही. द्यायचीच."

मग घराकडे वळताना त्यांनी विचारलं, "मतदान झालं म्हणालीस. कुणी दिली मतं?"

मी पुन्हा सांगितलं. एकराला एक.

"म्हणजे जमिनीनं मत दिलं."

"हो."

"आमच्याकडं गटार नव्हतं," ते म्हणाले, "पण ते मागायला दारात उभं राहता यायचं. निवडणुकीला आले की विचारता यायचं, गेल्या वेळचं काय झालं?"

मला या कराबद्दल जे वाटतं ते एवढ्यात आलं. पैशाचं दुःख मला फारसं नाही. ज्या नळाचं पाणी मी पिते त्याच्या वाहिनीचे पैसे मी द्यावेत, हे मला पटतं. सांगलीतल्या माझ्या गल्लीला कुणी अशी सोय आधी करून दिली असती आणि तीस वर्षं हप्ते घेतले असते, तर आईने दोन्ही हातांनी दिले असते. मला टोचतं ते हे की माणसं यायच्या आधी त्यांच्या नावावर निर्णय झाला आणि आता तो बदलण्याची मला जागा नाही. जो कर चौरस फुटांवर बसतो त्याला घरात एकच पगार येतो की दोन, हे दिसत नाही. शेजारचं घर भाड्याने आहे, तिथला मुलगा ट्रक चालवतो. त्याच्या भाड्यात हा कर आहेच, पण बिल त्याच्या नावाचं नाही, म्हणून त्याला तो ठाऊकही नाही. आणि एक गोष्ट माझी मलाच सांगायला हवी: दहा वर्षांनी मी इथली जुनी झालेली असेन. प्रपोझिशन १३ माझ्या किमतीलाही धरून ठेवेल. पुढच्या टेकडीवर जो येईल तो माझ्यापेक्षा जास्त भरेल, आणि कुणी मला विचारलं, त्यांच्या शाळेचा भार तू थोडा उचलशील का, तर मी काय उत्तर देईन? 'हो' म्हणेन असं आज मला वाटतं. उत्तरेकडच्या बाई फार भल्या आहेत, तरी त्यांनी २००४ला जे मत दिलं तेही मला समजतं.

गेल्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात एक मुलगी भेटली, नवरा-बायको दोघं नुकतेच घर शोधायला लागलेत. वाण देता देता तिने फोनवर ब्रोशर दाखवलं. "ताई, कर फक्त सव्वा टक्का आहे म्हणे." तिला मी तिथेच बाजूला बसवलं. म्हटलं, अगं, टक्का विचारू नकोस. या घराला कुठकुठले विशेष कर आहेत, प्रत्येकाची कमाल रक्कम किती, दरवर्षी किती वाढते आणि कुठल्या साली संपतो, हे लेखी माग. बांधकामाच्या कर्जाचा कर कधी तरी संपतो. पण उद्यानाची निगा, अग्निशमन अशा सेवांसाठी लावलेल्या कराला पुष्कळदा शेवटचं साल नसतंच. 'तीस वर्षांत संपतं सगळं' असं विक्रीच्या ऑफिसात सांगतात, ते माझ्या तीन ओळींपैकी एका ओळीला लागू नाही. आयकरात घराचा एक टक्का वजावटीला धरता येतो तसा हा सर्वसाधारणपणे धरता येत नाही, तेव्हा संपूर्ण बिलाचा आकडा टाकून मोकळी होऊ नकोस. काही हद्दींत एकरकमी भरून बोजा उतरवता येतो, तेही विचार. आणि थकवायचा तर मुळीच नाही. साधा मालमत्ता कर थकला तर घर लिलावात काढायला ५ वर्षं थांबावं लागतं, या कराच्या वसुलीसाठी त्याच्या किती तरी आधी कोर्टात जाता येतं. १० डिसेंबर आणि १० एप्रिल या दोन तारखा कॅलेंडरवर लाल करून ठेव, त्या चुकल्या की दहा टक्के दंड.

तिने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. तिळगूळ हातातच राहिला होता.

पुढच्या महिन्यात आमच्याच भागातल्या एका शहरात नव्या हद्दीची जाहीर सुनावणी आहे, असं पेपरातल्या बारीक टायपाच्या नोटिशीत वाचलं. मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. संध्याकाळी साडेसहाची सभा. आधी एका निवृत्त होणाऱ्या फायरमनचा सत्कार झाला, तेव्हा सभागृह भरलेलं होतं. सत्कार झाल्यावर त्याची मुलं-नातवंडं फोटो काढून निघून गेली. मग हा विषय आला तेव्हा खुर्च्यांत मी, दोन वकील, आणि मागे एक मुलगा, बहुतेक शाळेच्या नागरिकशास्त्राच्या असाइनमेंटसाठी आलेला.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाला बोलायचंय? मी उभी राहिले. मला इथे मत नाही, हे मला माहीत होतं, तसं सांगूनच सुरुवात केली. म्हटलं, मी अशाच एका वस्तीत राहते, रस्ते चांगले आहेत, पाणी तुंबत नाही, त्याबद्दल आभार. एकच विनंती आहे: या कराची नोटीस घर विकताना चाळीस कागदांच्या गठ्ठ्यात देऊ नका, विक्रीच्या ऑफिसच्या दारात, किमतीच्या फलकावर, किमतीएवढ्याच अक्षरांत लावायला सांगा. तीन मिनिटं मिळतात, मला दोन पुरली. एका सदस्याने काहीतरी लिहून घेतलं. अध्यक्षांनी आभार मानले.

मग सुनावणी बंद झाली आणि लगेच निवडणूक झाली. हद्दीत नोंदलेले मतदार नाहीत, असं क्लार्कबाईंनी वाचून दाखवलं. त्यांच्यासमोर एक पाकीट होतं. ते त्यांनी उघडलं, एक कागद बाहेर काढला, चष्मा सावरला आणि एकरांचा आकडा वाचला, दशांशासकट. सगळी मतं 'होय'. एवढ्यात झालं. पुढचा विषय पार्किंगच्या मीटरचा होता.

बाहेर अंधार पडला होता. सांगलीत तेव्हा सकाळ असते, म्हणून गाडीत बसल्या बसल्या बाबांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "मतं मोजताना पाहिलीस?"

"पाहिली."

"किती पडली?"

मी आकडा सांगितला. दशांशासकट. त्यांनी तो लिहून घेतला असावा, कारण पलीकडून पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला.